रुपया चढा ठेवला तो कुणासाठी?

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की एक विधान नव्याने फिरू लागते: १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता. त्याला आणखी दोन वाक्ये जोडलेली असतात. तेव्हा देशावर छदामाचे कर्ज नव्हते म्हणून रुपयाची ही पत होती. आणि नंतरच्या सरकारांनी कर्जे काढून, अवमूल्यने करून ती धुळीला मिळवली. सभेत, वर्गात, लग्नाच्या पंगतीत हे बोलले जाते आणि ऐकणारे हळहळतात. या हळहळीमागे देशप्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही. पण विधान खोटे आहे, त्याचे कारण म्हणून जे सांगतात ते चुकीचे आहे, आणि त्यातून निघणारा निष्कर्ष तर इंग्रजांशी या प्रश्नावर ज्यांनी झुंज घेतली त्यांच्या मागणीच्या नेमका उलटा आहे. म्हणून याचा प्रतिवाद आकड्यांनिशी व्हायला हवा.

आधी भावाचे पाहू. १९४७ साली रुपयाचा भाव ठरत होता तो पौंडावरून. एक रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स, एकूण १८ पेन्स, आणि पौंडाचे पेन्स २४०; तेव्हा एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै पडत. हा भाव हलू नये म्हणून १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यात बँकेने पौंड कोणत्या दराने घ्यायचे आणि कोणत्या दराने विकायचे, हे पेन्सच्या चौसष्टाव्या भागापर्यंत लिहून ठेवलेले होते. पौंडाचा डॉलरशी भाव होता ४.०३. म्हणजे रुपयाला मिळत ३० सेंटांच्या जरा वर, आणि एका डॉलरला मोजावे लागत ३ रुपये ४ आणे ११ पै. डिसेंबर १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने रुपयाचे जे अधिकृत मूल्य जाहीर केले तेही हेच: डॉलरला ३.३०८५ रुपये. एकास एक या भावाला इथे कुठेच जागा नाही.

मग त्याआधी कधी होता का? दोन्ही देशांची नाणी चांदीची होती त्या काळात जाऊ. १८३५ च्या कायद्याने रुपयाचे वजन ठरले १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा; त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. अमेरिकेने १७९२ मध्ये आपल्या चांदीच्या डॉलरात शुद्ध चांदी ठरवली होती ३७१.२५ ग्रेन. भागाकार केला की डॉलरला सव्वादोन रुपये होतात. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या सुरुवातीला, चांदी भडकून रुपया अडीच शिलिंगांच्याही वर गेला होता. त्या चढाईतही तो अर्ध्या डॉलरच्या आसपासच राहिला.

शोधायचेच म्हटले तर एक अपवाद सापडतो, आणि तो लपवण्याचे कारण नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि उत्तरेच्या सरकारने सोन्याचा आधार सोडून कागदी डॉलर काढले होते. जुलै १८६४ मध्ये हे कागद इतके घसरले की सोन्याचे १०० डॉलर घ्यायला २५० हून अधिक कागदी डॉलर पडू लागले. रुपया तेव्हा दोन शिलिंगांच्या आसपास, म्हणजे सोन्याच्या डॉलरात ४८ सेंटांजवळ होता. सोन्याच्या हिशेबाने त्या उन्हाळ्यात एक रुपया एका कागदी डॉलरपेक्षा महाग होता. पण का? अमेरिका जळत होती म्हणून. दक्षिणेकडची बंदरे नाकेबंदीत अडकल्याने लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडचा कापूस मिळेल त्या भावाने उचलत होत्या, मुंबईत पैशाचा पूर आला होता आणि बॅकबेच्या समुद्रात भराव घालण्याच्या कंपनीचे शेअर वेड्यासारखे चढत होते. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापूस उतरला आणि मुंबईचा सगळा डोलारा कोसळला. सरकारचे भाग असलेली बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यातून वाचली नाही. रुपया डॉलरवर चढला होता तो हा काळ. त्यात अभिमान बाळगावा असे काय आहे?

आता कर्जाकडे येऊ. १९४७ साली भारताचे इंग्लंडकडे येणे होते, ही गोष्ट खरी आहे. एक अब्ज पौंडांहून मोठी रक्कम आपल्या नावावर लंडनमध्ये जमा होती. पण ती कशी जमली हे सांगितल्याशिवाय नुसता आकडा सांगणे हा मेलेल्यांवर अन्याय आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने इथून धान्य, कापड, ताग, पोलाद, चामडे उचलले आणि त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांच्या रूपात आपल्या खात्यावर लिहून ठेवले. त्या पौंडांच्या आधारावर इथे रुपये छापून पुरवठादारांना दिले गेले. माल देशाबाहेर, नोटा देशात. भाव दुपटीहून वर गेले. १९४३ मध्ये बंगालमध्ये लक्षावधी माणसे भुकेने मेली. या सगळ्या काळात रुपयाचा पौंडाशी भाव एका पैनेही हलला नाही. १ शिलिंग ६ पेन्स तो १ शिलिंग ६ पेन्सच राहिला. विनिमयाचा दर स्थिर आणि चढा असताना देश उपाशी मरू शकतो, याचा याहून भयंकर पुरावा इतिहासात शोधायला नको. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताकडून चिंतामणराव देशमुख, ए. डी. श्रॉफ ही मंडळी होती. भारतीय प्रतिनिधींनी या येण्याचा प्रश्न तिथे मांडला, आणि ब्रिटनने तो परिषदेच्या कक्षेबाहेर ठेवला. आपण धनको होतो, पण स्वतःचे पैसे मागण्याची मोकळीक नसलेले धनको. रुपयाचा दर या जमेमुळे ठरलेला नव्हताच. तो १९२७ च्या कायद्याने ठरला होता, आपण धनको होण्याच्या कितीतरी आधी.

तो दर तसा का ठरला, हाच या वादाचा गाभा आहे.

१८७० नंतर जर्मनी, अमेरिका एकामागून एक सोन्याच्या चलनाकडे वळले आणि चांदी घसरू लागली. चांदीचा रुपयाही घसरला. हिंदुस्थान सरकारला मात्र दरवर्षी लंडनला पौंडांत रक्कम पाठवावी लागे: गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, रेल्वेच्या भांडवलावरचे व्याज, लष्कराचा खर्च, इंडिया ऑफिसचा खर्च. या प्रश्नाची चौकशी करणाऱ्या हर्शेल समितीच्या अहवालातले आकडे डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहेत. १८७३-७४ मध्ये १ कोटी ३२ लाख पौंड पाठवायला १४ कोटी २६ लाख रुपये लागले. १८९२-९३ मध्ये १ कोटी ६५ लाख पौंडांना २६ कोटी ४७ लाख रुपये. पौंड वाढले एक चतुर्थांशाने, रुपये जवळजवळ दुप्पट. मग सरकारने उपाय काय काढला? लंडनचा खर्च कमी केला नाही. जून १८९३ मध्ये टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, रुपयाची टंचाई निर्माण केली आणि भाव ओढूनताणून १ शिलिंग ४ पेन्सवर नेला. १८९८ च्या चलन समितीपुढे दादाभाई नौरोजींनी यावर बोट ठेवले. रुपया कृत्रिमरीत्या महाग करणे म्हणजे रयतेवर न सांगता लादलेला कर आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. कारण सारा तितकाच रुपये राहतो, पण तो भरायला अधिक धान्य विकावे लागते. देशाबाहेर जाणाऱ्या ज्या पैशाला दादाभाई आयुष्यभर लूट म्हणत आले, तिचेच एक हत्यार म्हणजे चढा रुपया.

१९२० मध्ये तर सरकारने रुपया सोन्याच्या दोन शिलिंगांवर नेण्याचा घाट घातला. हा भाव सुचवणाऱ्या समितीतले एकमेव भारतीय सदस्य, मुंबईचे दादिबा दलाल, यांनी वेगळे मत नोंदवून विरोध केला. सरकारने ऐकले नाही. भाव टिकवण्यासाठी लंडनमधला साठा विकत सुटले, साडेपाच कोटींच्या आसपास पौंड घालवले, आणि काही महिन्यांत तो भाव सोडून दिला.

मग आला १९२६ चा हिल्टन यंग आयोग. आयोगाने १ शिलिंग ६ पेन्स हा दर सुचवला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्स मागितला. दोन पेन्सांचे ते काय एवढे, असे वाटेल. हिशेब करून पाहू. वऱ्हाडातला एक पौंड किमतीचा कापूस लिव्हरपूलला विकला गेला, तर १६ पेन्सच्या दराने त्याचे १५ रुपये येतात. १८ पेन्सच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. शेतकऱ्याचे १ रुपया १० आणे ८ पै गेले. त्याचा शेतसारा तेवढाच राहिला, सावकाराचे मुद्दल तेवढेच राहिले. मँचेस्टरहून आलेले एक पौंडाचे कापड मात्र त्याच दोन पेन्सांमुळे मुंबईच्या गिरणीच्या कापडापेक्षा तेवढ्याच रकमेने स्वस्त झाले. आणि हजार रुपये मायदेशी पाठवणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला सुमारे ६७ पौंडांऐवजी ७५ पौंड मिळू लागले. चढ्या रुपयाने कुणाचे भले केले, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगायचे? १९२७ मध्ये कायदेमंडळात कडाक्याचा वाद होऊन, थोड्याशा मतांच्या फरकाने सरकारने हा दर मंजूर करून घेतला. मुंबईचे व्यापारी, गिरणीमालक आणि राष्ट्रीय वृत्तीचे पुढारी त्याविरुद्ध एकवटले होते.

जानेवारी १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाला निघण्यापूर्वी, गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांत दारूबंदी होती, शेतसारा निम्मा करणे होते, मिठाचा कर रद्द करणे होते. आणि त्याच यादीत, अगदी वरच्या बाजूला, रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्सवर उतरवण्याची मागणी होती. एक रुपया एक डॉलर होता म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी ही मागणी एकदा शांतपणे वाचावी. राष्ट्रीय चळवळ रुपयाचे अवमूल्यन मागत होती आणि साम्राज्य ते नाकारत होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडने सोने सोडले, तरी रुपया त्याच १८ पेन्सला बांधून ठेवला. शेतमालाचे भाव कोसळलेले होते; घराघरांतले दागिने मोडून मुंबईच्या बंदरातून सोने बाहेर गेले. १९४७ साली आपल्या हाती आलेला दर हाच होता. त्याला स्वातंत्र्याची कमाई म्हणणे म्हणजे बेडीला दागिना म्हणणे आहे.

आता तिसरा आरोप, स्वतंत्र भारताच्या अवमूल्यनांचा. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर उतरला. आपला बहुतेक व्यापार पौंडाच्या गोटात होता, म्हणून रुपयाही तेवढाच उतरवला आणि डॉलर ४.७६ रुपयांचा झाला. शेजारच्या पाकिस्तानने मात्र आपला रुपया चढाच ठेवला: पाकिस्तानी १०० रुपयांना भारतीय १४४. भारताने तो भाव मानला नाही, दोन्ही देशांतला व्यापार ठप्प झाला, आणि पूर्व बंगालच्या तागावर जगणाऱ्या हुगळीकाठच्या गिरण्या अडचणीत आल्या, तसा तिकडचा ताग पिकवणारा शेतकरीही. १९५१ मध्ये भारताने तो दर मान्य केला; १९५५ मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन केले आणि दोन्ही रुपये पुन्हा बरोबरीला आले. सहा वर्षे रुपया चढा ठेवल्याने तिथला शेतकरी श्रीमंत झाला, असे कुणी म्हणू शकेल का?

६ जून १९६६ ला रुपया ४.७६ वरून ७.५० वर आणला गेला. मदत देणाऱ्या देशांचा आणि जागतिक बँकेचा दबाव त्यामागे होता, दुष्काळाची वर्षे होती, आणि लोकांना महागाईचा फटका बसला. या निर्णयाची पद्धत आणि वेळ यांवर टीका जरूर करावी. पण दर उतरण्याआधीच रुपयाची देशातली किंमत घटलेली होती, आणि निर्यातीला अनुदाने व आयातीला परवाने देत जुना दर कागदावर जगवला जात होता. परवाना ज्याच्या हाती, त्याला स्वस्त डॉलर, बाकीच्यांना नाही. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत डॉलर २१ रुपयांवरून २६ च्या जवळ गेला, तेव्हा परकीय गंगाजळी आटत आली होती आणि रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण पडले होते. सोने गहाण पडले ते दर उतरवल्यामुळे नव्हे. उत्पन्नाहून अधिक खर्च, तेलाचे चढलेले भाव आणि परवडत नाही असा दर धरून ठेवणे, या सगळ्यांनी मिळून ती वेळ आणली.

इथे समोरचा माणूस एक चांगला प्रश्न विचारू शकतो. मग रुपया पडतो ते चांगलेच म्हणायचे का? नाही, आणि याचे उत्तर आपल्याच मातीतल्या अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात आणि पुढे हिल्टन यंग आयोगासमोरच्या साक्षीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही बाजूंच्या ढोबळ विचारांना धक्का दिला. दर उतरला की निर्यातदाराला नफा होतो, पण तो बाहेरून देशाच्या तिजोरीत येत नाही. देशातले भाव चढतात, मजुरी मागे राहते, आणि मजुराच्या ताटातले काढून तो नफा उभा राहतो. एका वर्गाची कमाई, दुसऱ्याचा तोटा. म्हणून त्यांचा भर होता तो रुपयाची देशांतर्गत क्रयशक्ती स्थिर राहावी आणि नोटा-नाणी मनाला येईल तितकी काढण्याचा अधिकार सरकारकडे नसावा, यावर. गिरणीमालकाच्या बाजूने राष्ट्र बोलते आहे असे सगळे म्हणत असताना कामगाराची बाजू मांडणे सोपे नव्हते. आजही रुपया घसरला की खाद्यतेल, इंधन, खत यांची झळ रोजंदारीवरच्या माणसाला पहिली लागते. परदेशात शिकणाऱ्या मुलासाठी कर्ज काढलेल्या घरालाही लागते. रुपयाच्या घसरणीवर टीका करायची तर ती इथून करावी: महागाई का आवरली नाही, तेलबियांत आपण परावलंबी का, निर्यात का वाढली नाही. ३.३१ पासून आजच्या आकड्यापर्यंतच्या प्रवासात या अपयशांचा वाटा मोठा आहे आणि कुठल्याही पक्षाचे सरकार त्यातून सुटत नाही.

पण एकास एक हे स्वप्न मात्र सोडायला हवे. उद्या खरोखर कायद्याने एक डॉलर एक रुपयाला केला, तर काय होईल? जागतिक बाजारात रुईचा भाव पौंडी ७० सेंट धरला, तर किलोला साधारण दीड डॉलर होतात. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर क्विंटलभर अमेरिकी रुई १३ हजार रुपयांना पडते. एकास एक केले की तीच १५४ रुपयांना आपल्या बंदरात उतरेल. यवतमाळच्या शेतकऱ्याला आज कापसाला क्विंटलमागे सात-आठ हजार मिळतात, तेही पुरत नाहीत. त्या दिवशी त्याची वेचणीची मजुरीसुद्धा सुटणार नाही. इचलकरंजीचे माग, नाशिकची द्राक्षे, पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्या, सगळ्यांची तीच गत. कुणी म्हणेल, मग इथले पगार आणि भावही त्याच प्रमाणात खाली आणू. आणा. सगळेच आकडे ८५ ने भागले, तर कुणाच्याही ताटात एक घास वाढत नाही. फक्त नोटेवरचा आकडा बदलतो. जपानमध्ये १९४९ ते १९७१ डॉलरला ३६० येन मोजावे लागत, आणि त्याच वर्षांत तो देश जगातल्या अग्रगण्य औद्योगिक देशांत जाऊन बसला. येनचा आकडा मोठा आहे म्हणून कुणी जपानला गरीब म्हटले नाही.

विनिमयाचा दर ही देशाची इज्जत नाही. तो उत्पन्नाच्या वाटणीचा निर्णय आहे: शेतकरी आणि आयातदार, कामगार आणि निर्यातदार, कर्जदार आणि सावकार यांच्यातला. १८९३ मध्ये, १९२७ मध्ये तो निर्णय लंडनच्या सोयीने झाला, म्हणून आपल्या माणसांनी त्याला विरोध केला. आज तो दिल्ली आणि मुंबईत होतो, म्हणून तो कुणाच्या सोयीने होतो हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि खोट्या आठवणीत रमलो तर तो हक्क आपण वापरणारच नाही. शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांना स्वातंत्र्यदिनाची भाषणे लिहून देताना त्यातून एक रुपया-एक डॉलर काढून टाकावे आणि १९३० च्या अकरा मागण्या घालाव्यात. महसूल, मीठ आणि रुपयाचा दर हे तीन विषय एकाच यादीत का बसले, हे मुलाला समजले, तर पुढे कुठलेही सरकार रुपया चढला म्हणून पाठ थोपटून घेईल किंवा पडला म्हणून दोष दुसऱ्यावर ढकलेल, तेव्हा त्याची किंमत कोण मोजते आहे हे तो स्वतः विचारू शकेल.